खारी नोंद

ताकोराडीत समुद्र कुठूनही दिसतो,
म्हणून वाळू कुठून आली हे विचारावं लागतं.

पहाटे पाचला क्वामेनाचा टिपर फाटकात शिरतो,
काट्यावर चढतो.
तो फोनवर अंगठा ठेवतो.
खाण: प्रा नदी. वजन: चौदा टन. वेळ: आपोआप.
झाली नोंद.
बँकेत, नगरपालिकेत, आक्राच्या कचेरीत,
अकरा ठिकाणी एकाच क्षणी तीच.

मार्चमध्ये नी आर्मा आला होता, ब्लॉकचेन शिकवायला.
गवंड्यांच्या भाषेत सांगितलं त्यानं:
प्रत्येक नोंदीत आधीच्या नोंदीचा ठसा,
खालची एक वीट उपसाल
तर वरची प्रत्येक वीट बोंब मारेल.
"आता कुणावर विश्वास ठेवायची गरजच नाही," म्हणाला.
लोखंड बांधणारा अझुमा हळूच म्हणाला,
"मग मी मजुरी रोजच्या रोज रोख घेईन."
सगळे हसले. नी आर्मासुद्धा, जरा उशिरा.

मी अराबा. प्रयोगशाळा माझी,
म्हणजे एक जुना कंटेनर, एक प्रेस
आणि हौदात अठ्ठावीस दिवस निजलेले काँक्रीटचे ठोकळे.
वाळूतलं मीठ तपासायच्या औषधाची बाटली
दोन महिन्यांपूर्वी संपली.
तिची मागणीही साखळीत आहे,
पुसता न येणारी
आणि अजून न आलेली.

म्हणून चिमूटभर वाळू जिभेवर ठेवली.

नदीची वाळू कुजक्या पानांसारखी लागते.
ही खारट.
दाताखाली शिंपल्याची कपची आली,
ती तळहातावर थुंकले.
क्वामेना माझ्याकडे बघत नव्हता,
वाकून टायर बघत होता, चांगला फुगलेला टायर.

आई आजारी होती तेव्हा
महिनाभर ह्यानंच केंके आणि तळलेली मासळी आणून दिली.
माणसानं खाल्ल्या मिठाला जागावं.
पण दोन्ही मिठं एकाच समुद्रातली होती
आणि दोन्ही माझ्या तोंडात.

शेऱ्याच्या चौकटीत चाळीस अक्षरं मावतात.
मी लिहिलं: चाखली. खारट आहे. अराबा.

मालकाचा फोन सहा मिनिटांत.
"खोड ते."
"खोडता येत नाही."
"मग खाली लिही, चूक झाली म्हणून."
"ते लिहिता येतं," मी म्हणाले,
आणि गप्प राहिले.
टिपर उलटा फिरला, पीं पीं करत,
फाटकाबाहेर गेल्यावरही बराच वेळ पीं पीं.

घरी जाताना वाटेत एसिकाडोची शाळा लागते.
सात वर्षं लागते.
तिच्या वेळी जाड पुठ्ठ्याचं रजिस्टर होतं,
त्यातलं एक पान फाडून
खळीनं दुसरं डकवलेलं.
सही दोन्ही पानांवर माझीच.
आता खांबांवरून तपकिरी ओघळ येतात,
लोक म्हणतात, पावसाचे डाग.
कुठे पाणी मुरतंय ते मला ठाऊक आहे:
आत सळई गंजून फुगते आहे
आणि पोरं त्याच खांबाला पाठ लावून
चपला बदलतात, संत्री सोलतात.

त्या रात्री कंटेनर पुन्हा उघडला.
नवी नोंद. जागा: शाळा, पूर्वेचे चार खांब.
तारीख? विचारलं फोननं.
मी तेव्हाची टाकली.
त्यानं ती घेतली
आणि खाली, न विचारता, आजची उमटवली.
मधली सात वर्षं तशीच रिकामी,
अकरा ठिकाणी.

मग हौदातलं पाणी वाढवलं,
ठोकळ्यांचे अजून नऊ दिवस बाकी होते.
आईचा फोन आला.
मासळीवाला आज का आला नाही, विचारत होती.